४० लिटरची वनस्पतींची टाकी : मासे कोणते आणि किती?

प्रश्न : मंदप्रवाह

नमस्कार. दीड महिन्यापूर्वी मी ४५ × ३० × ३० सेंटीमीटर मापाची काचेची टाकी लावली. हिशेबाने ती ४० लिटरची आहे, परंतु माती, वाळू, दगड आणि लाकूड यांनी व्यापलेली जागा व वर मोकळी सोडलेली पट्टी वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी ३२ लिटर बसते. पाणी मापूनच भरले होते, म्हणून हा आकडा खात्रीचा आहे. लाकडाला अ‍ॅन्युबियास आणि जावा फर्न बांधले आहेत, मागे क्रिप्टोकोरिन, पुढे जावा मॉस आणि पाण्यावर तरंगणारी साल्विनिया आहे. क्रिप्टोकोरिनची पाने पहिल्या पंधरवड्यात विरघळून गेली होती. आता मुळांपासून नवी पाने फुटली आहेत. कार्बन डायऑक्साइड वेगळा सोडत नाही. स्पंज फिल्टर आहे, हिटर २५ अंशांवर ठेवला आहे आणि दिवा रोज ७ तास चालू असतो.

टाकीत अजून एकही मासा नाही. गेल्या दहा दिवसांत तीन वेळा पाणी तपासले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, तर नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅम आले. त्यावरून विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढले, म्हणजे टाकी तयार झाली, असे मी धरून चालले आहे. मनात असलेली यादी अशी आहे : सहा नियॉन टेट्रा, चार गप्पी, एक फायटर, तळासाठी दोन कोरिडोरास आणि काचेवरचे शेवाळ खाण्यासाठी एक सकर. टाकीचा प्रत्येक थर कुणीतरी वापरावा, असा त्यामागे विचार आहे. ‘एका लिटरला एक सेंटीमीटर मासा’ हा नियम लावला, तर मासे विकत मिळतात त्या मापाने ही यादी साधारण बसते.

मला दाट झाडीत निर्धास्तपणे फिरणारे, एकमेकांशी वागताना दिसणारे मासे पाहायचे आहेत. यादीतले कोणते ठेवावेत आणि कोणते वगळावेत?

प्रतिसाद १ : तळ्याकाठी

माशांच्या आधी वनस्पती रुजू देण्याचा संयम आपण दाखवला आहे, त्यामुळे निम्मे काम झालेच आहे. मात्र या यादीतील पाचपैकी एकही जात बाकीच्या चौघांबरोबर या टाकीत सुखाने राहणार नाही, आणि त्याची कारणे एकेका माशाप्रमाणे वेगळी आहेत.

प्रथम त्या नियमाविषयी. माशाची लांबी दुप्पट झाली की त्याच्या शरीराचे आकारमान सुमारे आठपट होते. त्याचे खाणे, त्याची घाण आणि त्याला लागणारा प्राणवायू हे सारे लांबीच्या कितीतरी पुढे जाते. त्यामुळे दोन सेंटीमीटरचे पंधरा मासे आणि तीस सेंटीमीटरचा एक मासा यांना एकाच मापात बसवणारा नियम मुळातच चुकीचा आहे. शिवाय मोजायचे ते पूर्ण वाढलेल्या माशाचे माप. आपल्या यादीतला सकर विकताना बोटाएवढा असतो आणि पुढे तीस सेंटीमीटरच्याही पलीकडे वाढतो. आपली टाकीच पंचेचाळीस सेंटीमीटरची आहे. तो वळेल कुठे?

गप्पीची अडचण संख्येची आहे. मादी साधारण महिन्याने एकदा पिल्ले देते, नर काढून घेतला तरी साठवलेल्या शुक्राणूंवर ती पुढचे कित्येक महिने पिल्ले देत राहते, आणि आपल्यासारख्या दाट टाकीत त्यातली बरीच जगतात. केवळ नर ठेवले तर हा प्रश्न सुटतो, पण मग फायटरचा प्रश्न उभा राहतो, कारण रंगीत, मोठ्या शेपटीचा गप्पी नर त्याला प्रतिस्पर्धी वाटण्याचा धोका असतो. उलट बाजूने, नियॉनसारखे चपळ मासे फायटरचे लांब पर कुरतडू शकतात.

कोरिडोरास हा कळपातला मासा आहे. दोन कोरिडोरास म्हणजे दोन घाबरलेले मासे. निदान सहा तरी हवेत, आणि नेहमी मिळणाऱ्या जाती सहा-सात सेंटीमीटरपर्यंत वाढत असल्याने सहा जणांना इतका लहान तळ पुरत नाही. नियॉनविषयी मतभेद होऊ शकतात. माझे मत असे की तो लहान असला तरी सरळ रेषेत पोहणारा मासा आहे आणि त्याच्या थव्याला ६० सेंटीमीटर लांबी मिळाली तरच तो थवा थव्यासारखा दिसतो. माशाला किती पाणी लागते याबरोबरच त्याला किती अंतर लागते हेही पाहावे लागते. झेब्रा डॅनिओ जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा असतो, तरीही लहान टाकीत तो दिवसभर काचेवर येरझाऱ्या घालताना दिसतो तो त्यामुळेच.

वनस्पती भरपूर आहेत म्हणून मासे अधिक ठेवता येतील, असा एक समज आहे. वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात, त्यामुळे पाणी स्वच्छ राहायला मदत होते हे खरे. पण त्या पोहण्याची जागा वाढवत नाहीत, उलट काही प्रमाणात घटवतात.

आता दोन गोष्टी विचारतो. पहिली, टाकीत मासे नसताना अमोनिया कुठून येत होता? आपण त्यात माशांचे खाद्य किंवा अमोनियम क्लोराइड घालत होतात का? जर अमोनियाच येत नसेल, तर तो शून्य दिसणारच, आणि त्यावरून जिवाणूंची वाढ झाली की नाही हे कळत नाही. नळाच्या पाण्यातील नायट्रेटही एकदा तपासा. दुसरी गोष्ट, पाण्याचा पीएच, जीएच (एकूण कठीणपणा) आणि केएच (कार्बोनेटांमुळे येणारा कठीणपणा) किती आहे? ते कळल्याशिवाय जातीचे नाव सुचवणे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद २ : शैवालमित्र

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. मी शेवाळाच्या मुद्द्यावर थोडे अधिक लिहितो, कारण तिथे माझ्या हातून एक चूक झाली आहे.

सकर नको म्हटल्यावर आपल्याला कुणीतरी ओटोसिंक्लस सुचवेल. तो चार-पाच सेंटीमीटरचा, अतिशय शांत मासा आहे आणि पानांना इजा न करता त्यांच्यावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडून खातो. मी असेच सहा ओटोसिंक्लस पाच आठवड्यांच्या टाकीत सोडले. काच दोन दिवसांत लख्ख झाली. त्यानंतर त्यांना खायला काही उरले नाही. बाहेरून दिलेले खाद्य ते ओळखेनात, आणि तीन आठवड्यांत त्यातले चार मासे पोट खपाटीला जाऊन मेले. हे मासे बऱ्याचदा नैसर्गिक प्रवाहांतून पकडलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहून आधीच अशक्त झालेले असतात. त्यांना काही महिने जुनी, लाकूड आणि दगडांवर जैविक थर जमलेली टाकी लागते. शेवाळ काढून टाकण्याचे साधन म्हणून कोणताही सजीव आणू नये, हे मी त्या चार माशांपासून शिकलो. शेवाळाचे मूळ बहुतेक वेळा दिव्याच्या अतिरेकात आणि मंद वाढणाऱ्या वनस्पतींच्या बहुसंख्येत असते. आपल्या टाकीत अ‍ॅन्युबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिन हे तिन्ही सावकाश वाढणारे आहेत. सुरुवातीचे काही महिने हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती सोबत ठेवलीत, तर शेवाळाला मिळणारे पोषण ती पळवील.

माशांबद्दल माझे मत तळ्याकाठी यांच्यापेक्षा थोडे निराळे आहे. आपल्या यादीत एक मासा असा आहे की ज्याच्यासाठी ही टाकी जवळजवळ तशीच्या तशी चालेल, आणि तो म्हणजे फायटर. फक्त तो एकटाच असावा. स्पंज फिल्टरचा संथ प्रवाह, पाण्यावर तरंगणारी साल्विनिया, टेकायला अ‍ॅन्युबियासची रुंद पाने हे सारे त्याला हवेसे वाटते. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस चक्रव्यूहासारखे एक इंद्रिय असते आणि त्याद्वारे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला प्राणवायू घेतो. त्यामुळे साल्विनिया सगळा पृष्ठभाग झाकणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि झाकण हवेच, कारण तो उडी मारतो. काचेच्या लहान भांड्यात निपचित पडलेला फायटर आणि ३० लिटरच्या झाडीत हद्दीची राखण करत फिरणारा फायटर हे दोन वेगळे प्राणी वाटावेत, इतका फरक पडतो. आपल्याला ‘वागताना दिसणारा’ मासा हवा असेल, तर या पर्यायाचा गंभीरपणे विचार करावा.

प्रतिसाद ३ : मंदप्रवाह

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला अडीच आठवडे लागले, कारण तळ्याकाठी यांची शंका बरोबर निघाली.

मी टाकीत अमोनियाचा कोणताही स्रोत ठेवला नव्हता. नळाचे पाणी तपासले, तेव्हा त्यातच १० मिलिग्रॅम नायट्रेट निघाले. म्हणजे ज्या आकड्यावर मी विसंबले होते तो टाकीने तयार केलेलाच नव्हता. मग अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅमवर आणला. चोवीस तासांनी ०.५ मिलिग्रॅम अमोनिया आणि १ मिलिग्रॅम नायट्राइट शिल्लक होते. रोज तपासत राहिले आणि शून्यावर आल्यावर पुन्हा मात्रा दिली. गेल्या तीन मात्रा चोवीस तासांच्या आत पूर्ण शून्यावर आल्या आहेत. त्या पहिल्या आठवड्यात मासे सोडले असते तर काय झाले असते, या विचाराने अजून अस्वस्थ व्हायला होते.

पाण्याचे आकडे : पीएच ७.६, जीएच १२ आणि केएच ८. सकर, गप्पी आणि मोठे कोरिडोरास यादीतून काढले आहेत. फायटरचा विचार केला, पण मला थवा पाहण्याची ओढ अधिक आहे. वाचनात चिली रासबोरा आणि एम्बर टेट्रा ही नावे आली. दोन्ही दोन सेंटीमीटरच्या आसपासच राहतात. यांतला कोणता निवडावा?

प्रतिसाद ४ : नीलपर

आकडे दिल्यामुळे आता नेमके बोलता येईल. जीएच १२ म्हणजे लिटरमागे सुमारे २१५ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा. हे पाणी वाईट नाही, पण चिली रासबोराचे नाही. तो बोर्निओच्या नैऋत्येकडील दलदलींतला मासा आहे. तिथे कुजलेल्या पानांनी पाणी चहासारखे तपकिरी झालेले असते, त्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच पुष्कळ ठिकाणी ५ च्याही खाली असतो. टाकीत वाढवलेले चिली रासबोरा मध्यम पाण्यात जगतात, परंतु केवळ जगणे आणि रंग खुलून, नरानरांत चढाओढ करत वावरणे यांत अंतर आहे. ब्राझीलच्या अरागुआया नदीच्या खोऱ्यातून आलेला एम्बर टेट्रा अधिक जुळवून घेणारा असला, तरी त्याचाही ओढा मृदू पाण्याकडेच आहे.

आरओचे, म्हणजे क्षार गाळून काढलेले पाणी मिसळून कठीणपणा उतरवता येतो. निम्मे आरओ आणि निम्मे नळाचे पाणी घेतले की जीएच आणि केएच दोन्ही जवळपास निम्म्यावर येतात. पण मग प्रत्येक आठवड्याला, न चुकता, त्याच प्रमाणात मिसळलेले पाणी तयार ठेवावे लागते. ३२ लिटरमध्ये एका वेळी वेगळे पाणी गेले तरी माशांना तो फरक लगेच जाणवतो. ज्याला पहिल्यांदाच टाकी सांभाळायची आहे, त्याने आपल्या पाण्याला शोभणारा मासा शोधावा. माशासाठी पाणी घडवण्याचे काम नंतर कधीतरी करावे, असे मला ठामपणे वाटते.

आपल्या पाण्यासाठी माझ्या मनात एकच नाव येते, ते म्हणजे सेलेस्टियल पर्ल डॅनिओ. हा मासा म्यानमारमध्ये होपोंगजवळ, हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या, झऱ्यांच्या पाण्यावर पोसलेल्या उथळ आणि वनस्पतींनी गच्च भरलेल्या तळ्यांत सापडला. २००६ मध्ये तो अचानक बाजारात आला, २००७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि त्या वर्षभरात तो इतका पकडला गेला की त्याच्या अस्तित्वाची चिंता वाटू लागली. पुढे तो आणखी ठिकाणीही आढळला आणि टाकीत सहज पैदास होते हेही लक्षात आले. आता पैदास केलेले मासे मिळतात, आणि तेच मागावेत.

तो जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचा होतो. गर्द निळ्या अंगावर मोत्यासारखे ठिपके आणि नराच्या परांवर केशरी-लाल पट्टे असतात. त्याच्या मूळ तळ्यांतले पाणी किंचित अल्कधर्मी असल्याने आपला पीएच त्याला मानवेल. आणखी एक गोष्ट जुळते : आपल्याला दाट झाडी आवडते आणि याला तिची गरजच असते. मोकळ्या टाकीत तो कोपऱ्यात लपून फिकट पडतो. झाडी असली की नर शेवाळी गादीसारख्या मॉसवर आपापली छोटी जागा धरतात आणि एकमेकांसमोर पर ताठ करून गोल गोल फिरतात. या झुंजी क्वचितच इजेपर्यंत जातात, पण दुबळ्या नराला लाकडामागे आडोसा मिळायला हवा आणि नरांपेक्षा माद्या अधिक असाव्यात. दहा मासे घ्यावेत, त्यांत सहा-सात माद्या. माद्या अंगाने गोलसर आणि रंगाने मवाळ असतात. विकताना त्यांना कुणी हात लावत नाही, म्हणून त्या निवडून मागाव्या लागतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा थवा नियॉनसारखा शिस्तीत एका दिशेने पोहणारा नाही. तो झाडीत विखुरतो, पुन्हा जमतो, पुन्हा विखुरतो. आपल्याला एकसंध थव्याचीच ओढ असेल, तर निराशा होईल.

प्रतिसाद ५ : शैवालमित्र

फायटरचा माझा आग्रह मी मागे घेतो. नीलपर यांनी सुचवलेली निवड आपल्या पाण्याला खरोखरच साजेशी आहे. मात्र हा उंचावरचा, थंड पाण्यातला मासा असल्याने हिटर २५ वरून २३ अंशांवर आणावा. उष्ण दिवसांत पाणी २७-२८ च्या वर जात असेल, तर त्याचाही आधीच विचार व्हावा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास; आणि नेमक्या त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. फायटरसारखी हवेतून श्वास घेण्याची सोय या माशाकडे नाही.

रात्रीचाही विचार करा. दिवा बंद झाला की वनस्पती प्राणवायू देत नाहीत, उलट स्वतः वापरतात, त्यामुळे पहाटे दिवा लागण्याआधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. टाकीची तब्येत दुपारी पाहू नये, पहाटे पाहावी. मासे पृष्ठभागाशी तोंड लावून भरभर कल्ले हलवत असतील, तर तो इशारा समजावा. स्पंज फिल्टरचे बुडबुडे रात्रभर चालू ठेवा आणि साल्विनिया निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर पसरू देऊ नका.

प्रतिसाद ६ : तळ्याकाठी

दोनच मुद्दे वाढवतो. तळ मोकळा राहील अशी आपल्याला रुखरुख असेल, तर पिग्मी कोरिडोरासचा मोह होईल. तो तीन सेंटीमीटरच्या आतच राहतो, पण त्याचाही आठ-दहांचा कळप लागतो आणि ३२ लिटरमध्ये दोन कळप मला पटत नाहीत. त्याऐवजी चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या इवल्या कोळंब्या घ्याव्यात. जीएच १२ त्यांना कवचासाठी उपयुक्त आहे, ते दिवसभर मॉसमधून वेचून खात राहतात आणि माशांच्या तुलनेत त्यांचा भार नगण्य असतो. डॅनिओ त्यांची नवजात पिल्ले खातील. मॉस दाट ठेवलेत तर त्यातूनही पुरेशी वाचतात. श्रिंप आधी सोडा आणि महिनाभर एकटे राहू द्या, म्हणजे मासे येण्यापूर्वी त्यांची एक पिढी तयार होईल. त्या काळात जिवाणूंना अन्न म्हणून रोज चिमूटभर खाद्य पडले पाहिजे. अमोनियम क्लोराइडची मात्रा मात्र श्रिंप आल्यावर अजिबात द्यायची नाही. आपल्या पीएचला हे विशेष महत्त्वाचे आहे. पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि आपण त्या दोहोंच्या मध्ये आहात. माशांच्या औषधांत तांबे असते का तेही पाहत जा, कारण श्रिंपना तांबे सहन होत नाही.

दुसरा मुद्दा आहाराचा. या डॅनिओचे तोंड अगदी लहान असते आणि नव्या जागी तो काही दिवस कोरड्या खाद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवाची नुकती उबवलेली पिल्ले पहिले दोन आठवडे देता आली, तर मासे लवकर धीट होतात. मासे आणल्यावर तीन आठवडे साध्या वेगळ्या टाकीत ठेवून पाहावेत. पोट आत गेलेला किंवा पर मिटून बसणारा मासा तिथेच ओळखता येतो.

प्रतिसाद ७ : मंदप्रवाह

मी ठरवले आहे : दहा सेलेस्टियल पर्ल डॅनिओ आणि त्यांच्याआधी चेरी श्रिंप. थवा विखुरणारा आहे हे नीलपर यांनी आधीच सांगितले ते बरे झाले. विचार केल्यावर लक्षात आले की मला झाडीतून डोकावणारे मासेच पाहायचे होते, त्याला मी ‘थवा’ हा शब्द वापरत होते.

हिटर २३ वर आणला आहे. हॉर्नवर्टच्या चार काड्या मागच्या कोपऱ्यात सोडल्या आहेत. काल अर्धे पाणी बदलून अमोनियाच्या मात्रा थांबवल्या, आज अमोनिया आणि नायट्राइट पुन्हा शून्य आल्यावर बारा श्रिंप आणले. त्यांच्या पिशवीत टाकीचे पाणी दोन तास थेंबाथेंबाने सोडत होते. आता ते मॉसमध्ये शिरले आहेत आणि बारापैकी नऊच दिसतात. दहाव्याला शोधताना क्रिप्टोकोरिनच्या पानाखाली एक इवलीशी गोगलगाय सापडली, जी मी आणलेली नाही. ती वनस्पतींबरोबर आली असावी. तिला राहू देते आहे.